कुलपाचा कायदा

१४ जून

होय हो वन्सं, खुर्ची मऊ आहे. बसलं की माणूस आत जातं आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. शेजारपाजार, सोयरेधायरे, सगळ्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं. माझी नणंद शहाणी, ती तरी वेगळं काही विचारील म्हटलं, तर तुमच्याही कार्डावर तेच!

तुमच्या भावाचीच जागा दिलीय मला. तिसरी रांग, खांबाशेजारी. बाकाच्या कडेला त्यांनी पेनानं रेघा मारून ठेवल्यात, चार उभ्या एक आडवी, चार उभ्या एक आडवी. मी घरी समजत होते, माणूस तिथं बसून राज्याची काळजी वाहतोय. हे तर कुणी किती वेळा जांभई दिली ते मोजत होते. भेटले असते तर चांगलं धारेवर धरलं असतं.

ब्याण्णव पुरुष आणि मी एकटी बाई. या विधिमंडळात आजवर बाई आली ती फरशी पुसायला. पक्षाचे मोठे वकील स्वतः घरी आले होते, हे गेल्याच्या पंधराव्या दिवशी. म्हणाले, "बाई, विधवेला मतं पडतात. तुम्ही नुसतं बसायचं. आम्ही हात वर केला की तुम्ही करायचा." मी म्हटलं, "हात वर करायला किती शिकावं लागतं? मी चौथी पास आहे." ते हसले नाहीत. त्यांची हसायची ठिकाणं वेगळी.

एक गंमत लिहिते, घरात मोठ्यानं वाचू नका. एवढी दगडी तीन मजली इमारत, पण बायकांना जायला जागा नाही. बांधणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही की बाईही इथं बसेल. मला मागचं अंगण ओलांडून पहारेकऱ्याच्या खोलीत जावं लागतं. त्याची बायको चांगली आहे, दाराशी उभी राहून राखण करते. पण सभागृहातली घंटा तिथवर ऐकू येत नाही, म्हणून मी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. राज्यकारभार असा कोरड्या घशानं चाललाय.

तुमची लेक, खारूताई, सुखरूप पोचली. काड्यापेटीच्या कारखान्यात लागलीसुद्धा, पेट्यांवर लेबलं चिकटवायला. मी म्हटलं, सातवी झालीस, पुढं शीक. तर म्हणते, "मामी, तुम्ही चौथीवर कायदे करताय, मला सातवी पुष्कळ झाली." जीभ कुणाची उचलली ते वेगळं सांगायला नको.

तुमची वहिनी


२ जुलै

म्हणजे तुमच्यापर्यंत पोचलं. बरं झालं. मीच लिहिणार होते.

झालं असं की मागच्या मंगळवारी आरडाओरडा चालला होता, म्हणून अध्यक्ष उभे राहिले. तिथली रीत अशी की अध्यक्ष उभे राहिले की बाकी सगळ्यांनी झटकन बसायचं. मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या शाळेत काय होतं? मास्तर उभे राहिले की आपण उभं राहायचं, नाहीतर पाठीत छडी. तर ते उभे राहिले, ब्याण्णव जण बसले, आणि मी उठले. हात जोडून.

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी बसावं." मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणताहेत. सन्माननीय मी, हे मला काय ठाऊक? मी मागं वळून बघितलं, कोण हा मेला बसत नाही! तेव्हा जे हसं झालं म्हणता. पलीकडच्या बाकावरचे एक मिशीवाले ओरडले, "मास्तर, बाईंना सुट्टी द्या!"

दुसऱ्या दिवशी मी आत आले तर मागची अख्खी रांग उठून हात जोडून उभी. तिसऱ्या दिवशीही. वर्तमानपत्रात चित्र आलं, खाली लिहिलं, 'उभी बाई'. आता चपराशीसुद्धा आपसांत तेच नाव घेतात.

तुम्ही जीव जाळून घेऊ नका. मीही हसले. खारूला सगळी नक्कल करून दाखवली, ती हसता हसता ट्रंकेवरून खाली पडली. जन्मभर लोकांची थट्टा केली, आता चार लोकांनी माझी केली तर बिघडलं कुठं? करणाऱ्यानं सोसायलाही शिकावं.

तुम्हीही हसला असालच.

तुमची वहिनी


९ ऑगस्ट

मोठं पत्र आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात खारू घरी आली ती गप्प. तिचं गप्प असणं म्हणजे घड्याळ बंद पडणं. खोदून विचारलं तेव्हा बोलली. कारखान्यात उकाड्यानं एक पोर चक्कर येऊन पडली. बाकीच्या दाराकडं धावल्या, तर दाराला बाहेरून कुलूप. मुकादम किल्ली खिशात घालून जेवायला गेलेला. पाऊण तास पोरी तिला पुठ्ठ्यानं वारा घालत बसल्या.

मी म्हटलं, "कुलूप? बाहेरून?"

"रोजच असतं, मामी. मालक म्हणतो, पोरी उगाच बाहेर हिंडतात."

"आणि आत काय असतं?"

"काय असणार? कागद, सरस आणि काड्या."

काड्या पेटीत बंद, पोरी कारखान्यात बंद. मला रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तशीच विधिमंडळाच्या कचेरीत गेले. तिथं एक म्हातारे कारकून आहेत, जाड चष्म्याचे, कान तेवढा माझ्याकडं करून ऐकतात. त्यांना म्हटलं, मला कायदा करायचाय. ते म्हणाले, "कशाचा?" म्हटलं, "कुलपाचा."

त्यांनीच लिहून दिला. एक पान. माणसं आत कामाला असताना दाराला बाहेरून कुलूप लावायचं नाही, लावलं तर मालक तुरुंगात. बस्. सरकारचे कायदे पोतंभर कागदाचे, माझा एवढासा, पण कारकून म्हणाले, "बाई, याच्यात फट नाही."

रीत अशी आहे. सभासदानं स्वतः आणलेला कायदा शुक्रवारी दुपारी घेतात. अध्यक्ष नाव पुकारतात, तीन वेळा. आपण जागेवर असायचं आणि उठून मांडायचा. तीन वेळा पुकारून माणूस उठलं नाही तर कायदा पडला. मग थेट डिसेंबरच्या बैठकीत. मोठ्या वकिलांना विचारलं, ते म्हणाले, "आणा की. मालकांची माणसं शुक्रवारी दुपारी असतात कुठं? झोपलेली असतात." पलीकडचे पुढारीही मान डोलावून गेले. म्हणजे होईल, वन्सं. खरंच होईल. मी उठून चार वाक्यं बोलायची, एवढंच घोडं पुढं न्यायचंय.

रविवार सकाळपासून खारू माझी तालीम घेतेय. डोक्याला टॉवेल गुंडाळून ट्रंकेवर बसते, ती अध्यक्ष. ती उठली की मी बसायचं, ती बसली की मी उठायचं. मध्येच फसवून अर्धवट उठते. "चुकलात, मामी. परत!" वीस वेळा उठबस करवली. गुडघे धरलेत माझे. तुमची लेक तुमच्यापेक्षा खाष्ट निघाली, सासू होईल तेव्हा सुनेची दया येते.

पुढच्या महिन्यात तेरा तारखेचा शुक्रवार ठरलाय. खारू रजा घेऊन वरच्या सज्जात बसणार आहे. कारखान्यातल्या पोरींना तिनं सांगून ठेवलंय, कुलूप मामीच काढणार.

तुमची वहिनी


१४ सप्टेंबर

नाही झालं, वन्सं.

मला पहारेकऱ्याच्या खोलीकडं जावं लागलं. नेमकं तेव्हाच नाव पुकारलं. घंटा तिथं ऐकू येत नाही, हे तुम्हाला मागं लिहिलं होतंच. परत आले तोवर दुसऱ्याच कुणाचं तरी गुरांच्या दवाखान्याचं चाललं होतं.

कारकुनांनी चष्मा काढून पुसला, एवढंच. अध्यक्षांना समजलं तेव्हा तेही हळहळले. वर्तमानपत्रवाल्यांनाही कुठून तरी कळलं. या वेळी चित्र नाही काढलं. उलट लिहिलं की एकुलत्या एका बाईला साधी जागा देता येत नाही, लाज वाटायला हवी.

खारू बाहेर फाटकाशी थांबली होती. मी सांगितलं तिला. ती म्हणाली, "पण मामी, तुम्ही तर सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला नव्हतात."

मी म्हटलं, घाबरलं की होतं असं. मग ती शेजारून चालत आली घरापर्यंत. जेवली. आज सकाळी डबा घेऊन कामावर गेली.

डिसेंबर काही लांब नाही. डिसेंबरात आणतेच.

तुमची वहिनी


३ नोव्हेंबर

काय लिहू ते कळत नाही, पण लिहायला बसले.

तुम्ही तीन दिवस माझ्या घरात होतात आणि एक शब्द बोलला नाहीत. मी चहा केला, तो तसाच गार झाला. मी तिच्या कपड्यांची ट्रंक तुमच्यापुढं ठेवली, ती तुम्ही उघडली नाहीत. मला वाटत होतं, तुम्ही ओरडावं, मारावं मला. तुमचा हात तर लहानपणापासून चालता.

तुम्ही येण्याआधी काय झालं ते तुम्हाला कुणी धड सांगितलं नाही. मी सांगते. मुकादम जेवायला गेला होता. सरसाच्या शेगडीवरून पेटलं म्हणतात. नऊ पोरी. सगळ्या दारापाशीच होत्या, एकीवर एक. कुलूप शेवटी बाहेरच्या टांगेवाल्यानं दगडानं फोडलं, तोवर आतला आवाज थांबला होता.

ओळखायला मला बोलावलं. पोलीस म्हणाला, बाई, बघू नका, वस्तू बघा. तिच्या चपलेचा पट्टा तुटला होता, आदल्या रविवारी मीच चांभाराकडून नवा घालून आणला होता. काळ्याला तपकिरी. त्यावरून.

मग तुम्ही निघालात. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून वळलात, माझा हात धरलात आणि पहिल्यांदा बोललात. "वहिनी, तुमचा काय दोष? त्या मेल्यांनी तुम्हाला धड जागा दिली नाही. त्यांनी मारली माझी पोर."

मी मान हलवली. गाडी गेली, धूळ खाली बसली, तरी मी मान हलवतच होते.

तुमची वहिनी


२० फेब्रुवारी

पत्र आलं तुमचं. साडेतीन महिन्यांनी तुमचं अक्षर बघितलं आणि पाकीट उशाशी घेऊन दोन दिवस तसंच ठेवलं. फोडायचा धीर होईना.

कुलपाचा कायदा झाला, हे तुम्ही वाचलं असेल. डिसेंबरात सरकारनंच आणला. अकरा मिनिटं लागली. कारकुनांनी लिहिलेलंच पान, वर सरकारचा शिक्का. वरातीमागून घोडं, पण घोड्याला काय झूल चढवली होती म्हणता! एकेक जण उठून बोलला. मिशीवाले तर रुमाल काढून डोळे पुसत होते. खोटे नव्हते पुसत. माणूस वाईट नाही तो.

आणि जागा झाली. तळमजल्यावर, पांढऱ्या फरशा लावून, आतून कडी. बाहेर पाटी, 'महिला सदस्य'. अध्यक्षांनी फीत कापली. संडासाची फीत कापताना माणसानं चेहरा कसा ठेवावा याची तालीम कुणी घेत नाही, त्यामुळं ते फार दुःखी दिसले. त्यांनी माझं नाव घेऊन सांगितलं की आमच्या चुकीची किंमत नऊ मुलींनी दिली. मग मी सभागृहात आले तर सगळे उभे राहिले. ब्याण्णवच्या ब्याण्णव. या खेपेला कुणी हसलं नाही.

मी अजून त्या नव्या जागेत गेले नाही. अंगण ओलांडून पहारेकऱ्याच्या बायकोकडंच जाते.

तुमच्या गावातल्या बायकांच्या सभेत तुम्ही बोललात, तेही वाचलं. तुम्ही, चारचौघांत तोंडातून शब्द न काढणाऱ्या! 'माझ्या वहिनीला जागा दिली नाही म्हणून माझी लेक गेली.' सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. मोठे वकील कात्रण घेऊन घरी आले. "बाई, एप्रिलात निवडणूक. नणंदेला आणा, व्यासपीठावर एवढं एकच वाक्य बोलायला लावा. कुणी समोर उभं राहायचं नाही."

मी म्हटलं, तिला प्रवास झेपत नाही. आणि आज तुमचं पत्र, की वहिनी, मी येते. बारा मार्चला निघते. तुमच्यासाठी गावोगाव बोलेन, खारूसाठी बोलेन, आता मला दुसरं काम काय उरलंय.

येऊ नका हो. उन्हाळा आहे.

तुमची वहिनी


५ मार्च

माझी तार तुम्हाला मिळाली. 'येऊ नका, पत्र येतंय.' तारवाल्यानं विचारलं, कारण घालायचं का? मी म्हटलं, मावणार नाही.

तुमचं उलट उत्तर आलं, 'मी येणारच.' म्हणजे आता मला लिहायलाच हवं. चार दिवस रोज लिहितेय आणि फाडतेय. दर वेळी दुसऱ्या ओळीत काहीतरी विनोद सुचतो आणि मग पत्र त्या वाटेनं जातं. माझं सगळं आयुष्य तसंच गेलंय, वन्सं. तुमचे भाऊ म्हणायचे, तू घर पेटलं तरी आधी कोटी करशील.

तुम्ही आलात तर व्यासपीठावर ते वाक्य बोलाल. लोक रडतील. मी निवडून येईन. आणि मग तुम्ही माझ्या घरी राहाल, कारण तुम्हालाही आता कुणी नाही आणि मलाही नाही. दोन म्हाताऱ्या एकमेकींना टोमणे मारत मजेत राहू. मला किती हवंय ते, तुम्हाला कसं सांगू. संध्याकाळी दिवा लावला की घर अंगावर येतं. तुम्ही एवढ्या तिकडं माझी बाजू घेऊन भांडताय, जगात असं करणारं दुसरं कुणी माणूस नाही मला. हे पत्र पेटीत टाकलं की तेही राहणार नाही. म्हणून एवढे दिवस लागले.

गेल्या महिन्यात एक वर्तमानपत्रवाला पहारेकऱ्याच्या बायकोकडं गेला. विचारलं, त्या शुक्रवारी बाई इथंच होत्या ना? मी अंगणात होते. ती माझ्याकडं बघत होती, त्याच्याकडं नाही. म्हणाली, "हो, इथंच होत्या." तो गेल्यावर तिनं मला चहा दिला, नेहमीसारखा. काही विचारलं नाही. तिचं न विचारणं मला तुमच्या तीन दिवसांच्या गप्प बसण्यापेक्षा जड गेलं. तुम्हाला तरी माहीत नव्हतं.

त्या शुक्रवारी पहारेकऱ्याची बायको घरात नव्हतीच, वन्सं. तिच्या खोलीला कडी होती, हे मला मागाहून कळलं. मी तिकडं गेलेच नव्हते.

मी सभागृहाच्या दाराबाहेर होते. माझी पाळी जवळ आली तशी जरा वारा घ्यायला बाहेर आले होते. हातात कारकुनांनी लिहिलेलं पान होतं. दाराला पडदा आहे, त्याच्या फटीतून सगळं दिसतं. अध्यक्षांनी पहिल्यांदा नाव पुकारलं, तेव्हा मी पडद्याला हात घातला. तेवढ्यात मिशीवाले म्हणाले, "उभी बाई आज कुठं बसली?" आणि सगळं सभागृह हसलं. फार वाईट नव्हतं ते हसणं. जेवणानंतरचं, आळसावलेलं. दुसऱ्यांदा पुकारलं तरी हसणं थांबलं नव्हतं. वर सज्जात तुमची पोर कठड्यावरून अर्धी वाकून मला शोधत होती. मला दिसत होती ती. तिसऱ्यांदा पुकारलं.

तुम्हाला मी लिहिलं होतं की मीही हसले, थट्टा सोसली. खोटं लिहिलं. रोज सकाळी त्या दारातून आत जाताना मला ओकारी यायची.

मला कुणी धमकी दिली नव्हती. कुणी काही देऊ केलं नव्हतं. दारापासून माझ्या जागेपर्यंत सात पावलं होती. लोक हसतील म्हणून मी ती टाकली नाहीत.